फुललेली रोपं आणू नका: हंगामी फुलांच्या वाफ्यांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला घरापुढे, कंपाउंडच्या भिंतीला लागून २० बाय ४ फुटांचा वाफा आहे. बाणेरला तुमच्या दातांच्या दवाखान्याच्या दाराशी १२ बाय २ फुटांचे दोन पट्टे आहेत. दर डिसेंबरात दोन्हीकडे फुललेली पिटुनिया आणि साल्व्हिया आणून लावता आणि जानेवारी संपेपर्यंत सगळी रोपं माना टाकतात. माळी म्हणतो पाणी कमी पडलं, नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडलं. आता घरचा वाफा स्वतः करायचा आणि दवाखान्याचं काम वर्षाच्या करारावर द्यायचं तुमच्या मनात आहे.

पुण्यात बंगले, सोसायट्या, हॉटेलं यांचे वाफे लावण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. माझ्या मते दोष पाण्याचाही नाही आणि खताचाही नाही. तुम्ही रोपं फुललेली आणता, आणि फुललेली हवीत म्हणून डिसेंबरापर्यंत थांबता. हंगामी झाडाचं आयुष्य मुळात चार-पाच महिन्यांचं. त्यातलं निम्मं ते नर्सरीच्या काळ्या पिशवीत काढून तुमच्याकडे येतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात तो इथे पिटुनियाला लागू होतो.

पिशवीत काय घडतं ते सांगतो, कारण तुमच्या माळ्याचं आणि नर्सरीवाल्याचं भांडण तिथेच मिटेल. चार इंची पिशवीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो, विरघळणारं खत पाण्यातून वरचेवर मिळत असतं आणि काही ठिकाणी झाड बुटकं, गच्च राहावं म्हणून वाढ रोखणारं औषधही दिलेलं असतं. फुलं येईपर्यंत मुळं पिशवीच्या आत गोल फिरून बसलेली असतात. हे झाड तुम्ही काळ्या मातीत लावता. काळ्या मातीची छिद्रं फार बारीक, ती पाणी जोरात धरून ठेवतात आणि शेजारच्या कोकोपीटमधलंही पाणी ओढून घेतात. वरून माती ओली दिसते, पण मुळांचा गोळा दुपारपर्यंत कोरडा झालेला असतो. झाड मलूल दिसलं की माणूस आणखी पाणी घालतो. मग आजूबाजूच्या मातीत चिखल होतो आणि जी चार मुळं धीर करून बाहेर आली होती तीही कुजतात. म्हणजे एकाच झाडाला पाणी कमीही पडलं आणि जास्तही झालं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत सातारा रस्त्यावरच्या एका हॉटेलाच्या उद्घाटनासाठी तीनशे फुललेली पिटुनिया एका रात्रीत लावली. मालक खूश, मी त्याहून खूश. पाच आठवड्यांनी वाळकी झाडं उपटायला गेलो तर इडली साच्यातून निघावी तसा एकेक गोळा पिशवीच्या आकारात सुटून हातात आला. एका झाडाचंही मूळ बाहेरच्या मातीत धड गेलेलं नव्हतं. तीनशे झाडांचे पैसे परत दिले नाहीत, पण पुढच्या वर्षी ते काम मला मिळालंही नाही.

तेव्हा वाफा फुललेला हवा त्या दिवसापासून उलट मोजायचं. पिटुनियाला पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत दहा ते बारा आठवडे लागतात. नाताळात रंग हवा असेल तर बी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पडलं पाहिजे आणि रोपं ऑक्टोबरच्या अखेरीस वाफ्यात गेली पाहिजेत. मी माझ्या माणसांना सणांवरून सांगतो: गणपतीत बी, कोजागिरीनंतर लावणी, दिवाळीनंतर शेंडे खुडणं, होळीला वाफा मोकळा. अधिक महिना आला की हे सगळं दोन-तीन आठवडे सरकतं, म्हणून तारखाही जवळ ठेवा. घाई मात्र नको. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं ऊन कोवळी रोपं करपवतं. लावणी संध्याकाळी करावी आणि पहिले चार-पाच दिवस दुपारी वर हिरवी शेडनेट टाकावी.

बी स्वतः पेरायचं का? पिटुनियाचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया बसतात. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीखाली गाडायचं नाही, नुसतं वर पसरून दाबायचं. फ्लॉक्स आणि पॅन्झीचं उलट, त्यांना अंधार लागतो. पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नका. ऑगस्टमध्येच उरुळी कांचन परिसरातल्या एखाद्या रोपवाटिकेत जाऊन ट्रेमधली रोपं सांगून ठेवा, चार ते सहा पानांची, एकही कळी नसलेली. अशी रोपं हिरवी, किरकोळ, अगदी बिनचेहऱ्याची दिसतात. घरचे विचारतील, "हे काय आणलंस?" विचारू द्या. लार्कस्पर, पॉपी, नॅस्टर्शियम मात्र घरीच आणि थेट वाफ्यातच पेरा. त्यांचं सोटमूळ दुखावलं की ती रुसतात. पेरल्यावर मुंग्यांवर लक्ष ठेवा, एका रात्रीत बी पळवतात.

नाइलाजानं पिशवीतलं फुललेलं रोप घ्यावंच लागलं तर पिशवी फाडल्यावर गोळ्याचा तळ बोटांनी मोकळा करा, सगळी फुलं आणि कळ्या खुडून टाका आणि मग लावा. जिवावर येतं, मलाही येतं. पण तीन आठवड्यांनी ते झाड शेजारच्या न खुडलेल्या झाडापेक्षा वेगळं दिसतं.

आता माती. हंगामी वाफ्याच्या कामात माझा निम्मा वेळ मातीत जातो आणि गिऱ्हाईक नेमकं त्याचेच पैसे द्यायला कुरकुरतं. कोथरूडला बंगल्याच्या अंगणात वरचे सहा इंच लाल माती आणि खाली काळी माती किंवा मुरूम, हे नेहमीचं. बाणेरला नव्या इमारतीच्या दाराशी तुमच्या पट्ट्यात बहुतेक राडारोडा निघेल: विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ, चुना. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह उचलता येत नाही आणि पिटुनियाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नर्सरीवाला याला खत कमी म्हणतो. खत घालून ते जात नाही. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी तात्पुरती मदत करते, पण खरा उपाय म्हणजे दीड फूट खणून राडारोडा बाहेर काढणं आणि चांगली माती भरणं. हे एकदाच करायचं काम आहे.

काळ्या मातीत वाळू मिसळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. थोडी वाळू घातलेली काळी माती उन्हात विटेसारखी होते. त्याऐवजी शेणखत. तुमच्या २० बाय ४ च्या वाफ्यावर दोन इंचांचा थर द्यायला सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून साधारण दहा गोण्या लागतील. खत पूर्ण कुजलेलं हवं, मुठीत घेतलं तर गरम लागू नये आणि त्याला शेणाचा वास येऊ नये. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट येते. शिवाय या क्षेत्राला निंबोळी पेंड पाऊण किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट चारशे ग्रॅमच्या आसपास पुरतं. सगळं नऊ इंच खोल मिसळा आणि वाफा जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच ठेवा. गादीवाफ्याला विटांची कड लावली की माती वाहत नाही. आणि चार फूट रुंदी भिंतीला लागून असेल तर मागच्या टोकापर्यंत हात पोचत नाही. मधे दोन-तीन फरशीचे तुकडे टाकून ठेवा, नाहीतर खुरपताना तुम्ही स्वतःच वाफा तुडवाल.

लावणी नऊ इंचांवर केली तर घरच्या वाफ्याला १४० च्या आसपास रोपं लागतील, दवाखान्याच्या दोन्ही पट्ट्यांना मिळून ८५. झेंडूसारख्या पसरणाऱ्या झाडाला फूटभर अंतर द्या, मग घरी ८० पुरतात. सुरुवातीला वाफा रिकामा दिसतो म्हणून लोक पाच-सहा इंचांवर लावतात. जानेवारीत तिथे हवा खेळत नाही, खालची पानं कुजतात, पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी येते. रंगांबद्दल एवढंच सांगतो की एका जातीचा, एका रंगाचा मोठा पट्टा करा. सात रंगांची खिचडी जवळून बरी वाटते, रस्त्यावरून काहीच दिसत नाही.

झेंडू घेताना बुटक्या जातीचं बी किंवा रोप मागा. बाजारात हारांसाठी येणारा कलकत्ता झेंडू वाफ्यात कमरेएवढा होतो आणि फुलांच्या भारानं आडवा पडतो. अ‍ॅस्टर घरी जरूर लावा. गणेशखिंडच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या फुले गणेश व्हाइट, पिंक, व्हायोलेट, पर्पल या जाती आपल्या हवेत छान येतात आणि फुलदाणीत टिकतात. पण अ‍ॅस्टर एकदा भरभरून फुलतं आणि संपतं, म्हणून दवाखान्याच्या दाराशी ते नको.

लावणीनंतर तीन आठवड्यांनी पिटुनिया, झेंडू, साल्व्हिया, डायनथस, अँटिऱ्हिनम यांचे शेंडे खुडा. एका दांड्याचे चार होतात, फुलं दहा-बारा दिवस उशिरा येतात पण कितीतरी जास्त येतात. तेरडा, कोंबडा आणि पॉपी यांचा शेंडा खुडायचा नाही, कोंबड्याचा तर तुराच त्या शेंड्यावर यायचा असतो. फुलं सुरू झाली की वाळलेली फुलं दर तीन-चार दिवसांनी काढत राहायचं, नुसत्या पाकळ्या नव्हेत, खालच्या बोंडासकट. बी धरलं की हंगामी झाडाच्या लेखी त्याचं काम झालं, ते पुढे फुलायचं थांबतं. घरच्या वाफ्याला यासाठी सकाळच्या चहाबरोबरची पंधरा मिनिटं पुरतात. जानेवारीअखेर तुमची झाडं संपतात यात हे न करण्याचा वाटाही मोठा आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पिटुनिया निम्म्यापर्यंत छाटून खत दिलं तर मार्चपर्यंत दुसरा बहर मिळतो.

पाणी सकाळी, बुंध्याशी, फुलांवर नव्हे. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच. थंडीत घरच्या वाफ्याला दर दोन-तीन दिवसांनी साधारण १०० लिटर पुरतं. रोज थोडं थोडं शिंपडलेलं पाणी मुळं वर ठेवतं. खत म्हणून लावणीनंतर दोन आठवड्यांनी एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत), लिटरला दोन-तीन ग्रॅम, दर पंधरवड्याला. कळ्या दिसल्यावर नत्राचा जोर कमी करा, नाहीतर पानंच पानं. मावा, फुलकिडे दिसले तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. फेब्रुवारी तापायला लागला की झेंडूवर लाल कोळी ही बारीक कीड येते, पानांवर बारीक जाळी दिसते. तोपर्यंत झेंडूचा हंगाम उतरलेला असतो, मी फवारत बसत नाही, झाडं उपटून टाकतो.

दवाखान्याचा हिशोब वेगळा आहे. घरी झाड चार दिवस रुसलं तर चालतं, दवाखान्याच्या दाराशी चालत नाही. तिथे वाळलेली फुलं काढायला कुणी नसतं आणि मागच्या भिंतीचा तापही असतो. एसीचं बाहेरचं युनिट त्या पट्ट्यांवर गरम हवा फेकतंय का ते आधी बघा. फेकत असेल तर तिथे काहीही लावलं तरी भाजेल, आधी त्या हवेची दिशा बदलून घ्या.

दुसरी गोष्ट उजेडाची. शेवंती लावायचा मोह होईल, पण तिला कळ्या धरायला मोठ्या रात्री लागतात. एका दुकानापुढे मी शेवंतीचा लांब पट्टा लावला होता. पाटीपासून लांबचा अर्धा डिसेंबरात पिवळाधमक झाला आणि पाटीखालचा अर्धा हिरवागार राहिला, कारण पाटीचे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असायचे. पिटुनियाला मात्र लांबलेला उजेड मानवतो, तिथे तीच लावा. तसंच उन्हाळ्यात पोर्तुलाका, ज्याला आपल्याकडे ऑफिस टाइम म्हणतात, लावू नका. दुपार कलली की ती मिटते, आणि तुमचे निम्मे रुग्ण संध्याकाळी येत असणार. तिच्याऐवजी संकरित सदाफुली. ती दिवसभर उघडी असते, जुनी फुलं स्वतःच गाळते आणि मार्चपासून पावसापर्यंत टिकते. एकच अट, पाणी बेतानं. सदाफुली तहानेनं क्वचित मरते, साचलेल्या पाण्यानं हमखास.

म्हणून दवाखान्यात वर्षाला तीनच बदल करा: नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिटुनिया, मार्चच्या सुरुवातीला सदाफुली, जूनमध्ये कोंबडा किंवा सावली असेल तर टोरेनिया आणि कोलियस. दर दोन महिन्यांनी रोपं बदलायचा करार तुम्हाला कुणी सुचवेल. त्यात पिशवीतली फुललेली झाडं आणून खोचायची आणि मरायला लागली की उचलायची, एवढाच उद्योग असतो. लग्नाच्या मांडवाला ते ठीक आहे.

करारात आकडे लिहून घ्या: प्रत्येक बदलाला किती रोपं, ट्रेमधली की पिशवीतली, किती अंतरावर, दर बदलाला किती गोण्या शेणखत, आठवड्यातून किती फेऱ्या, मेलेलं रोप किती दिवसांत बदलून मिळणार. थंडीत आठवड्याला दोन फेऱ्या हव्यात, एरवी एक पुरते. "देखभाल" असा एकच शब्द लिहिलेला करार घेऊ नका, पुढे त्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीनं लावतो. पाणी मात्र करारात टाकू नका, ते रोजचं काम आहे आणि कंत्राटी माणूस रोज येत नाही. प्रत्येक पट्ट्यात इनलाइन ठिबकच्या (नळीतच ड्रिपर बसवलेल्या) दोन ओळी टाका, दर एक फुटावर तासाला दोन लिटरचा ड्रिपर, आणि नळाला टायमर बसवा. पट्टा १२ फुटांचा आहे, म्हणजे दोन्ही ओळींत मिळून २४ ड्रिपर होतील. एक दिवसाआड ३५ मिनिटं चालवलं की पट्ट्याला २८ लिटर मिळतात, तेवढं थंडीत पुरतं. उन्हाळ्यात बोट खुपसून बघून वाढवा.

घरी पावसाळ्यात फार काही करू नका. तेरड्याचं बी नुसतं विखरून टाका, कोकणात ज्याची गौर करतात तोच तेरडा, आणि थोडा कॉसमॉस. दोन्हीचं बी पुढच्या वर्षासाठी घरचंच ठेवता येतं. पिटुनियाच्या संकरित बियाचं तसं करायला गेलात तर पुढच्या वर्षी वाफ्यात काय येईल ते सांगता येत नाही.

एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला जरूर जा, नावं लिहून आणा, पण तिथल्या कुंड्या त्याच आठवड्यात ऐन भरात याव्यात म्हणून वाढवलेल्या असतात हे लक्षात ठेवून. आणि हे सगळं पुण्याच्या थंडीचं आहे. मुंबईत किंवा गोव्यात पॅन्झीच्या नादी लागू नये, तिथे महिनाभर उशिरा लावून झेंडू, सदाफुली, कोंबडा यांच्यावर भिस्त ठेवावी.

तुमचा प्रश्न ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला आहे, म्हणजे वेळ हातात आहे. या रविवारी दोन्हीकडे एक फूट खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि वेळ मोजा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं तर तीच माती शेणखत घालून चालेल. सकाळी बघितल्यावरही खड्ड्यात पाणी असेल तर रोपांच्या आधी वाफा उंच करायला विटा मागवा. बाणेरच्या खड्ड्यातून काय काय निघतं तेही मला कळवा.